घरचा जमानतदार

तांडापेठेतल्या नत्थूजीच्या दोन्ही पोरांनी लहानपणी बापाचा मार खाल्ला. धाकट्या चेतननं खाल्ला तो चोरी जमली नाही म्हणून, आणि थोरल्या भूपेशनं खाल्ला तो चोरी केली म्हणून. चोरी तरी केवढी, तर किराणा दुकानातून उचललेली एक पेन्सिल! नत्थूजीनं भूपेशला त्याच दुकानासमोर उभं करून, सगळ्या गल्लीच्या देखत, कमरपट्ट्यानं असा फोडून काढला की पोट्टा दोन दिवस पालथा झोपला. त्याच आठवड्यात चेतन एका घरच्या न्हाणीच्या झरोक्यातून आत शिरून रिकाम्या हातानं बाहेर आला. त्याला मारलं ते दार लावून, तोंडात फडकं कोंबून, शेजाऱ्याला आवाज जाऊ नये म्हणून. आता ह्याला न्याय म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. भूपेशनं ठरवून टाकलं होतं. बापानं आपल्याला वाचवलं, असं तो पुढची तीस वर्षं मानत आला.

नत्थूजीचा बाप मागावर लुगडी विणायचा. माग भंगारात गेला, आणि नत्थूजीनं दुसरा धंदा धरला. हा धंदा उन्हाळ्याचा, आणि तोही दुपारचा. मे महिन्यात नागपुरात एक ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेही नालीत पडलेलं असतं. घराघरात कूलर असा घोंगावतो की माडीवर कोणी कपाट फोडलं तरी खाली घोरणाऱ्याला पत्ता लागत नाही. रात्री चोऱ्या करणाऱ्यांना नत्थूजी गाढव म्हणायचा. तो स्वतः दिवसाढवळ्या, अंगात धुतलेला पांढरा सदरा घालून, हातात कूलर दुरुस्तीची पेटी घेऊन जायचा. चेतन पंधराव्या वर्षापासून त्याच्यासोबत. दोघं अधूनमधून धरले जायचे, आत जायचे, बाहेर यायचे. गल्लीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

भूपेशचं सगळं वेगळं. त्याला आयटीआय करवलं. हिंगण्याला एका कंपनीत तो टर्नर म्हणून लागला, वानाडोंगरीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं, ऋतुजासारखी मास्तराची पोरगी बायको मिळाली. मुलगा पियुष पॉलिटेक्निकला. चोराच्या घरी जन्मून एवढं साधायचं म्हणजे काही खायचं काम नाही! बापाकडं कोणी धरलं गेलं की भूपेश कंपनीत रजा टाकायचा आणि पगाराची चिठ्ठी, घरटॅक्सची पावती, आधार कार्ड, दोन फोटो असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोर्टात जायचा. वीस वर्षांत सात वेळा तो जमानतदार म्हणून उभा राहिला. कोर्टातला कारकून त्याला पाहून म्हणायचा, "या गा, घरच्या जमानतदार!" ऋतुजा चिडवायची, की माहेरी विचारतात जावई काय करतात, तर मी सांगते, कंपनीत टर्नर अन् कोर्टात हजर. तो हसायचा. बापानं आपल्याला चिखलातून काढलं, तर एवढं तर आपण करायलाच पाहिजे, असं त्याला मनापासून वाटायचं.

मागच्या मे महिन्यात मात्र घात झाला. एका बंगल्याचा म्हातारा चौकीदार, ऊन लागून त्याला झोप येत नव्हती म्हणून जिन्यात बसला होता. तो ओरडला, आणि त्याच्या डोक्यात कुलपं फोडायची लोखंडी सब्बल बसली. जागीच गेला बिचारा. चेतन शेजारच्या गच्चीवर सापडला, आणि त्याच्यासोबतचा दुसरा माणूस पळाला. सब्बल त्या दुसऱ्यानं घातली हे पोलिसांनीच लिहिलं होतं. तो दुसरा कोण, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. चेतननं आठ महिने तोंड उघडलं नाही. मग कोर्टानं जमानत मंजूर केली, आणि नत्थूजीचा भूपेशला फोन आला. "बाबू, कागदं काढून ठेव."

सही करायच्या आधी भूपेश जेलात चेतनच्या मुलाखतीला गेला. काचेपलीकडं चेतन वाळून गेला होता. त्यानं फोन कानाला लावला आणि नमस्कार ना चमत्कार, पहिलं वाक्य बोलला.

"दादा, सही करू नको."

"काहून बे? आठ महिन्यांनी सुटून राहिला तू."

"मी जजसाहेबासमोर बयान देणार हाय. सब्बल कोणाच्या हातात होती ते. तो म्हातारा रोज माह्या डोळ्यापुढं येते, दादा. बाबाले खबर लागली त्याची. मले बाहेर काढून राहिले ते कायले, समजते का तुले? इथं त्यांचा हात पोहोचत नाही. बाहेर आलो तर मले ठेवणार नाही ते."

"अबे, बाप हाय तो आपला!"

"हो, पण तुले चांगला बाप दिसला. मले खरा दिसला."

भूपेशला राग आला. चेतन जेलात राहून बिघडला, त्याच्या डोक्यात कोणी तरी भरवलं, असं त्याला वाटलं. चेतननं ते ओळखलं असावं. तो काचेला आणखी जवळ सरकला.

"तुले पेन्सिलीसाठी कायले फोडलं, सांगू? वकिलानं बाबाले सांगतलं होतं, घरात एक तरी पोरगा साफ ठेवा, नाही तर उद्या तुमच्या जमानतीले कोणी उभं रायणार नाही. तुहा नंबर लागला. दुकानासमोर मारलं ना तुले? गल्लीनं पाहावं म्हणून मारलं. तुले इमानदार नाही केलं दादा, तुले जपून ठेवलं, धंद्याच्या हत्यारासारखं."

वेळ संपली. शिपायानं चेतनच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना त्यानं काचेवर बोटानं पुन्हा नाही-नाही अशी खूण केली.

भूपेश दोन दिवस तेच उगाळत राहिला. खरं काय, खोटं काय? माणसाचं असं असतं बघा, ज्या भिंतीला टेकून तो उभा असतो, तिच्यात वाळवी लागली हे कोणी सांगितलं तर तो सांगणाऱ्यावरच चिडतो. रविवारी सकाळी तो तांडापेठेत गेला. मैनाबाई, त्याची माय, सांबारवडी तळत होती. नत्थूजी खाटेवर बसून खात होता. अडुसष्ट वर्षांचा, पण दात सगळे शाबूत.

"बाबा, चेतन म्हणते तुम्ही त्याले मारसान."

मैनाबाईचा झारा कढईत तसाच राहिला. नत्थूजीनं मात्र वडी चावून गिळली, मग पाणी प्यायला.

"पोट्टं भेलं आत. आठ महिने काही कमी नसते. त्याले बाहेर आणू, खाऊ-पिऊ घालू, सगळं ठीक होईन."

"तसं नाही. धोट्यावर हात ठेवा."

मागाचं सगळं भंगारात गेलं तेव्हा नत्थूजीनं एक धोटा तेवढा राखून ठेवला होता. मागाच्या ताण्यातून इकडून तिकडे सूत नेणारा तो लाकडी धोटा, देवाच्या फळीवर असायचा. त्या घरात देवाची शपथ कोणी घेत नसे, धोट्याची घेत. एकदा नत्थूजीनं चेतनला धोट्यावर वचन दिलं होतं की तुझा मोडलेला पाय बरा होईतो दारूला शिवणार नाही, आणि अडीच महिने थरथरत काढले, पण शिवला नाही. भूपेशनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. चोरांचं घर, पण धोट्याचा शब्द त्या घरात कधी मोडला नाही.

नत्थूजी उठला. हात धुतले, पुसले, धोटा खाली घेतला आणि त्यावर उजवा हात ठेवला.

"चेतनच्या केसाले धक्का लागणार नाही. झालं?"

भूपेशचं काळीज हलकं झालं. त्यानं मायकडं पाहिलं, तर ती पाठ फिरवून वड्या उलटत होती. सोमवारी त्यानं कोर्टात सही केली. आठवी.

चेतन जेलच्या दरवाज्यातून बाहेर आला तेव्हा भूपेश एकटाच घ्यायला गेला होता. चेतननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "केली ना." बस, एवढंच. घरी मैनाबाईनं सावजी मटण केलं होतं. चेतन नाकातून पाणी येईतो जेवला. नत्थूजीनं स्वतःच्या ताटातली नळी त्याच्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नत्थूजी म्हणाला, केस थंड होईतो पोराला उमरेडला आत्याकडं ठेवतो. बाहेर एक चारचाकी उभी होती, आत दोन अनोळखी माणसं. भूपेश भावाला भेटायला आला होता. चेतन न्हाणीत तोंड धूत होता.

"जा बिनधास्त," भूपेश म्हणाला. "धोट्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यांनी."

"कोणाले देली?"

"मले."

चेतन टॉवेल तोंडाला लावून हसायला लागला. मग हसता हसता थांबला, आणि भूपेशकडं इतक्या मायेनं पाहू लागला की भूपेशलाच अवघडल्यासारखं झालं.

"तुले कोणी सांगतलंच नाही ना दादा? कायले सांगतीन म्हणा."

"काय सांगतलं नाही?"

"जाऊ दे."

"चेतन, भेव वाटत असन तर मागच्या दारानं निघून जा. मी पाहून घेतो."

"अन् पळालो तर कोर्ट कोणाले धरीन? तुले. घर जप्त होईन, नोकरी जाईन. पियुषची फी कोण भरीन?" त्यानं टॉवेल खुंटीला लावला. "तू सही करून मले बांधलं दादा. आता खोल म्हणून काय फायदा."

बाहेर हॉर्न वाजला. चेतन मायच्या पाया पडला. मैनाबाईनं त्याचा हात असा धरला की सोडेचना. शेवटी नत्थूजीनं येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

नत्थूजी तिसऱ्या दिवशी परत आला तो एकटा. भूपेशनं आत्याला फोन केला होता. तिच्याकडं कोणी गेलंच नव्हतं. तो कंपनीच्या कपड्यातच तांडापेठेत धावला.

"कुठं हाय चेतन?"

नत्थूजीनं आवाज चढवला नाही की काही लपवलं नाही. "उमरेडकडं बंद खाणीत पाणी भरलं हाय. खूप खोल. माह्याच हातानं झालं, म्हणून लवकर झालं. त्या दोघांवर सोडलं असतं तर हाल केले असते. कोर्टात सांग, फरार झाला."

"धोट्यावर हात ठेवला होता तुम्ही!" भूपेश ओरडला. "धोट्यावर!"

"शपथ आपल्या माणसाले असते," नत्थूजी समजावून सांगावं तसा म्हणाला. "ज्यानं धंद्यात हात घातला त्याले. बाहेरच्याले देलेला शब्द कोण मोजते? पोलिसाले देतो, दुकानदाराले देतो, तुले देला."

"मी पोरगा हाय तुमचा."

"पोरगा हायेस. पण हात कोरे हायेत तुहे."

भूपेश मायकडं वळला. "माय, तुले माहीत होतं हे?"

मैनाबाई जमिनीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. "माहीत होतं, बाबू. पण मले वाटलं, पोटच्या पोराले नाही मारणार. मले वाटलं." ती तेच तेच म्हणत राहिली, आणि नत्थूजी चप्पल काढून खाटेवर आडवा झाला.

भूपेश पोलिसांत गेला नाही असं समजू नका. गेला. साहेबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमानतदार तूच ना? माणूस पळाला की सगळे हेच सांगतात. कोणी मारला, कोणी गाडला. कोणती खाण?" उमरेडच्या बाजूला बंद पडलेल्या खाणी काय एक-दोन आहेत? भूपेशला सांगता आलं नाही. त्या दिवशी नत्थूजी घरीच होता, असं सांगायला गल्लीतलेच चार साक्षीदार तयार होते. साहेबानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तारखेला चेतन हजर नव्हता. कोर्टानं भूपेशला नोटीस काढली. तो दिवस आला तेव्हा नत्थूजीही आला, पांढरा सदरा घालून, आणि कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली भूपेशशेजारी बाकावर बसला.

"तुही जमानत आता कोणी घेणार नाही," तो म्हणाला. "ज्याचा माणूस पळाला, त्याले कोर्ट पुन्हा उभं करत नाही. घरात दुसरा पाह्यजे. पियुषले अठरा झाले ना गा?"

भूपेश बाकावर दूर सरकला.

"शिकून राहिला तर शिकू दे. नोकरी लागू दे. मी काही त्याले धंद्यात नाही ओढणार. तुले ओढलं का कधी?" आणि नत्थूजीनं खिशातून सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी काढून तळहातावर घोटायला घेतली.

आत पुकारा झाला. जजसाहेबांनी विचारलं, तुमचा आरोपी कुठं आहे? खाणीचं नाव नाही, मढं नाही, तर इथं तरी कोण ऐकणार? भूपेश म्हणाला, "माहीत नाही साहेब." आयुष्यातलं पहिलं खोटं त्यानं असं उभ्यानं, शपथेवर सांगितलं. दंड झाला. भरायला मुदत मिळाली. ते सगळं त्याच्या कानावरून गेलं. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. पियुष साफ आहे तोवर तो बुड्याचा आहे. उद्या तोही ह्याच बाकावर बसेल, त्याच्याही सहीनं कोणी तरी खाणीत जाईल. पोराला वाचवायचं तर एकच रस्ता, त्याला साफ राहू द्यायचं नाही.

इथं कोणी शहाणा म्हणेल, गाव सोडायचं, पोराला पुण्याला पाठवायचं. पण चाळीस वर्षं ज्या घरात एकच कायदा पाहिला, त्या घरचा माणूस त्याच कायद्यानं विचार करणार. दुसरा त्याला येतच नव्हता.

गुरुवारी दुपारी ऋतुजा भिशीला गेली असताना त्यानं तिची सोन्याची पोत काढली आणि पियुषच्या कॉलेजच्या बॅगेत, वह्यांच्या खाली घातली. मग पियुषला म्हणाला, चल, गाडी काढ, एक काम आहे. ठाण्यात पोहोचेपर्यंत पोरगा परीक्षेचं, मित्रांचं बोलत होता. आत गेल्यावर भूपेशनं हवालदाराला सांगितलं, माझ्या मुलानं घरात चोरी केली, रिपोर्ट लिहून घ्या.

हवालदार चाट पडला. "अहो, पोटचं पोरगं तुमचं. घरी घेऊन जा, दोन ठेवून द्या. इथं नाव लागलं तर जन्माचं जाईल त्याचं."

"म्हणूनच लिहा," भूपेश म्हणाला. "पूर्ण नाव लिहा. बॅग तपासा त्याची."

पियुषला आधी वाटलं बाबा मजा करून राहिले. पोत बाहेर निघाली तेव्हा त्यानं भूपेशचा हात धरला. "बाबा, मी नाही घेतली. बाबा, आईशपथ! सांगा ना ह्यांले. तुम्हाले माहीत हाय ना मी नाही घेतली?" भूपेशला माहीत होतं. तो कागदावर सही करत होता. सही करून झाल्यावर त्याला वाटलं, झालं, सुटला माझा पोरगा. त्याला रडू आलं, आणि ते सुटकेचं रडू होतं, असा तो खुळा.

कोर्टात पियुषला जमानत मिळाली. आणि जमानतदार आणा म्हटल्यावर भूपेशच्या डोक्यात प्रकाश पडला, की पोरासाठी सही करायला आता घरात साफ माणूसच उरला नाही.

त्याची स्वतःची सही आता चालत नव्हती. तो कंपनीतल्या अनंतकडं गेला, पंधरा वर्षं एका मशीनवर काम केलेला दोस्त. अनंत म्हणाला, तुझ्या भावाचं ऐकलं भाऊ, आता पोराचं, माफ कर. ऋतुजाच्या भावानं फोनच उचलला नाही. आणि ऋतुजा? भूपेशनं काय केलं ते कळल्यावर तिनं कपाट उघडलं, कपडे भरले आणि जाताना दारातून म्हणाली, "तुमच्या बापानं परक्यासारखा एक पोरगा मारला. तुम्ही तर जिवंत गाडला." पाच दिवस पियुष आत होता. पाच दिवस भूपेश प्लास्टिकची पिशवी घेऊन लोकांच्या दारात उभा राहिला. तीस वर्षांची इमानदारी, पण तिच्यावर कोणी एक सही द्यायला तयार झालं नाही.

सहाव्या दिवशी तो कोर्टात पोहोचला तर कारकून म्हणाला, तुमच्या पोराचे कागद झाले की. बुडे आले होते, सोबत तुमच्यासारखाच दुसऱ्या कोणाच्या घरचा जमानतदार घेऊन.

भूपेश जेलकडं धावला. दरवाज्यासमोर नत्थूजीची मोटरसायकल उभी होती. पियुष बाहेर येऊन तिथंच थांबला होता, गाल बसलेले, ओठावर टाका. आत त्याला कोणी तरी मारलं होतं. नत्थूजी त्याला रसवंतीवरचा उसाचा रस पाजत होता.

"पियुष," भूपेशनं हाक मारली. "बेटा, ऐक माहं. मी तुह्यासाठी केलं. तुले वाचवासाठी केलं रे."

पोरानं त्याच्याकडं पाहिलं. ओळख असल्यासारखं पाहिलंच नाही. मग तो आजोबाकडं वळला.

"आबाजी, ह्यांनी मले चोर म्हणून लिहून देलं. तुम्ही सोडवलं. मी तुमच्या संग येतो."

"मोठा झाला तू," नत्थूजी म्हणाला, आणि भूपेशकडं पाहून, कुठलाही राग नसलेल्या आवाजात बोलला, "तू त्याचे हात काळे करून देले, बाबू. मी तर त्याले कोराच ठेवणार होतो. आता उन्हाळा जवळ आला, अन् चेतनची जागा रिकामीच हाय."

पियुष मोटरसायकलवर मागं बसला. भूपेश गाडीचं कॅरियर धरून दोन पावलं सोबत धावला, मग हात सुटला. वर्धा रोडवर दुपारच्या दोन वाजताची गर्दी होती, त्यात पांढरा सदरा आणि पोराची कॉलेजची बॅग थोडा वेळ दिसत राहिली. मग सिग्नल पडला आणि मधे ट्रक आला.